रानाचे छप्पर

तळेघर सोडून भीमाशंकरकडे निघालेला रस्ता निगडाळे मागे पडले की रानात शिरतो. तिथल्या एका वळणावर आमच्या वाटाड्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि मला व माझ्या मुलीला खाली उतरवले. साठी ओलांडलेले ते गृहस्थ तळेघरहून आमच्या गाडीत बसले होते आणि पुढचे दोन दिवस आमच्या सोबत असणार होते. आम्ही त्यांना ‘बाबा’ म्हणत होतो. वळणावर पाहण्यासारखे काहीच नव्हते. रस्त्याच्या एका अंगाला जुनी जांभळ, दुसऱ्या अंगाला तिच्याच वयाचा वाटावा असा आंबा, आणि दोघांच्या मधून गेलेली डांबराची पट्टी. बाबांनी काठी उंचावून दोन्ही झाडांच्या शेंड्यांमधले आभाळ दाखवले. “हितनं शेकरू पल्याड जायचं, ताई. आता नाय जात. फांदीला फांदी पोचत नाय.” एवढे बोलून ते पुन्हा गाडीत जाऊन बसले.

पुण्याहून निघताना मी शेकरू पाहायला निघाले होते. मुलीने तसे ठरवले होते आणि मलाही ते पटले होते, कारण इतक्या वर्षांत भीमाशंकरला अनेकदा जाऊनही मी ते धडपणे पाहिलेले नव्हते. हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले ते मुख्यतः शेकरूसाठीच. पुणे, ठाणे आणि रायगड या 3 जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण त्या वळणावर उभी असताना माझ्या प्रथमच लक्षात आले की या प्राण्याला आपण रानात राहणारा म्हणतो तेव्हा रानाचा फारच थोडा भाग आपल्या मनात असतो. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. त्याचे खाणे, झोपणे, पिल्ले वाढवणे, शेजाऱ्याशी भांडणे, सगळे वरच्या मजल्यावर चालते. एका झाडावरून दुसऱ्यावर ते ६ मीटरपर्यंत झेप घेऊ शकते, आणि त्याहून मोठी फट आली की त्याच्यापुरते रान तिथेच संपते. आपल्याला जी पट्टी ओलांडायला चार पावले पुरतात, ती त्याच्यासाठी नदीच्या पात्रासारखी असते.

भीमाशंकरशी माझी पहिली ओळख आजीच्या बोटाला धरून झाली. श्रावणी सोमवार होता, शिवाजीनगरच्या स्थानकावरून आम्ही पहाटेची एस.टी. पकडली होती आणि वर पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की पुढच्या माणसाची छत्री तेवढी दिसत होती. रान मला दिसले नाही. ते ऐकू आले. पानांवरून पानांवर पडणाऱ्या पाण्याचा एक अखंड आवाज सगळीकडून येत होता, पाऊस थांबला तरी तो थांबत नव्हता. आजी माळकरी होती. दर्शन झाल्यावर तिने मला वाहत्या पाण्याच्या एका बारीक धारेपाशी नेले, ओंजळ भरून माझ्या डोळ्यांना लावली आणि म्हणाली, “ही आपली चंद्रभागा बरं का, अजून लहान आहे.” पंढरपूरला जी नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा म्हणवते, तीच भीमा इथे उगम पावते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे भूगोलाच्या पुस्तकातून बाकीचे कळले: भीमा ८६१ किलोमीटर वाहत जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आमच्या पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला तिच्यात शिरते, आणि मग दोघींचे पाणी एक होऊन उजनीत जाते. आजीच्या घराखालून वाहणारे आणि आजीच्या विठोबाचे पाय धुणारे पाणी अखेर एकच होते. तिने ते कोणत्याही नकाशाशिवाय जाणले होते.

त्यानंतरची भीमाशंकरची भेट अगदी वेगळी होती. विशी-पंचविशीत मी पुण्यातल्या बहुतेक डोंगरवेड्या मुलामुलींसारखी शनिवार-रविवार सह्याद्रीत काढत असे. आम्ही कर्जतमार्गे खांडसला मुक्काम केला, पहाटे शिडी घाट चढायला घेतला, लोखंडी शिड्या आणि त्यांच्या मधले निसरडे कातळ पार केले, उजव्या-डाव्या बाजूंना पदरगडाचे सुळके पाहिले आणि उन्हे चढण्यापूर्वी माथा गाठला. किती वेळात चढलो याचा हिशोब मला कित्येक वर्षे तोंडपाठ होता. वाटेत कोणती झाडे होती, हे मात्र मला त्याच दिवशी संध्याकाळी कोणी विचारले असते तरी सांगता आले नसते. त्या चढाईबद्दल मला आजही प्रेम आहे, आणि पायांतली ती ताकद परत मिळाली तर मी उद्या पुन्हा खांडसला जाईन. तरीही आपल्याकडे डोंगरात जाणे म्हणजे किल्ले, घाट आणि शिखरे मोजणे असे जे समीकरण झाले आहे, त्यात रान हे केवळ मधले अंतर होऊन बसते, ही गोष्ट मला खुपते. माथ्यावर पोहोचायच्या घाईत आपण ज्याच्यातून जातो, तेच तर पाहायला आलेलो असतो.

म्हणून या वेळी आम्ही मायलेकींनी ठरवले होते की पहिल्या दिवशी चालायचे ते मंदिराच्या परिसरापासून हनुमान तळ्यापर्यंत आणि जमले तर नागफणीच्या कड्यापर्यंत, आणि त्याला पूर्ण दिवस द्यायचा. मार्चचा पहिला आठवडा होता. महाशिवरात्रीची यात्रा होऊन गेली होती आणि तिच्या खुणा वाटेच्या सुरुवातीला अजून पडलेल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, फुलांच्या परड्यांवरचे प्लॅस्टिक. बाबा वाकून काही न बोलता ते उचलत आणि खांद्यावरच्या गोणपाटात टाकत. मुलीनेही उचलायला सुरुवात केली. पहिल्या पाऊण तासात आम्ही फारसे अंतर कापले नाही, पण रस्त्याचा आवाज मागे पडला.

आत शिरल्यावर पहिली जाणवते ती सावलीची जात. सागाच्या रानात मार्चमध्ये ऊन थेट जमिनीवर येते, कारण साग पाने गाळून मोकळा झालेला असतो. इथे तसे होत नाही. घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर, जांभा आणि काळ्या कातळावर उभे असलेले हे रान बरेचसे सदाहरित आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आंबा अशी गर्द पानांची झाडे एकमेकांत शेंडे गुंतवून उभी असतात, आणि खाली येणारा प्रकाश त्यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर इथे तो ३००० मिलिमीटरच्या घरात जातो. कोकणातून वर चढणाऱ्या ढगांना पहिला अडसर हा कडाच असतो, आणि ते आपले ओझे इथेच उतरवतात. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्राकडे जातो, पूर्वेला पडलेला थेंब भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे. या दोन थेंबांमध्ये कधी कधी एका झाडाच्या बुंध्याइतकेच अंतर असेल.

अंजनी फुललेली होती. अंजनीचे फूल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ते सांगणे कठीण आहे, कारण ते शेंड्याला येत नाही. काळपट, जाड फांद्यांच्या सालीतून थेट निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटतात, आणि काही फांद्या तर गळ्यापर्यंत निळ्या रंगात बुडवून काढल्यासारख्या दिसतात. वरच्या हिरव्या अंधारात ती निळाई अचानक दिसली आणि मुलगी तिथेच थबकली. बाबा मागे वळून म्हणाले, “आता थांबलीस ना पोरी, तशीच थांब. पाय वाजत्यात तवर ते दिसायचं नाय.”

आम्ही थांबलो. दहा मिनिटे, मग वीस. मला वाटत होते की मला थांबता येते, पण थांबणे आणि कंटाळा न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली काही मिनिटे मन पुढच्या वाटेवर होते, दुपारच्या जेवणावर होते, परतीच्या रहदारीवर होते. मग हळूहळू आवाज वेगळे होऊ लागले. कुटुरग्याचा तो ठेक्याचा, न थकणारा ‘कुटरू कुटरू’, त्याच्या मागे तांबटाची दूरची टकटक, वाऱ्याने नव्हे तर कोणाच्यातरी वजनाने हललेल्या पानांची खसखस. बाबा वर पाहतच नव्हते. ते जमीन पाहत होते. त्यांनी पाचोळ्यातून एक कोवळे फळ उचलून माझ्या हातावर ठेवले. अर्धे कुरतडलेले होते आणि कुरतडलेली कड अजून ओली होती. “खालचं ताजं असलं का मगच वर मान करायची,” ते म्हणाले. “उगा वर बघून मान मोडंल.”

आम्ही मान वर केली आणि ते तिथेच होते. बहुधा आम्ही येण्याच्या आधीपासून असणार. शेकरू संकट वाटले की खारीसारखे लगेच पळत नाही. फांदीला अंग चिकटवून निश्चल होते, आणि त्या तांबूस-तपकिरी पाठीचा सालीत मिसळलेला रंग त्याला झाकून टाकतो. आम्ही पुरेसा वेळ गप्प राहिल्यावर त्याने आपले खाणे पुन्हा सुरू केले. मागच्या पायांनी फांदी धरून ते चक्क खाली लोंबकळले, पुढच्या दोन पायांत फळ धरले, आणि पाठीहून लांब असलेली ती झुपकेदार शेपूट दुसऱ्या बाजूला तोल सांभाळत राहिली. पोटाचा रंग सायीसारखा फिकट. मोठे शेकरू वजनाने दीड-दोन किलोचे असते; आपल्या दारातल्या खारीच्या मानाने तो राक्षस आहे, पण फांदीवर त्याचे वजन जाणवत नव्हते. मग त्याने एक खडखडाटासारखा आवाज काढला, शेंड्याकडे धावले आणि पुढच्या झाडात झेप घेतली. ज्या फांदीवर ते उतरले ती वाकली, सावरली, आणि त्या वाकण्या-सावरण्यावरूनच पुढची काही मिनिटे आम्ही त्याचा माग काढत राहिलो. ते पाच-सहा झाडे ओलांडून गेले आणि एकदाही थांबले नाही, कारण थांबावे लागेल अशी फट त्या वाटेवर नव्हती.

मग बाबांनी घरटी दाखवली. काटक्या आणि पाने विणून केलेला मोठा गोळा, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, दोन झाडांचे शेंडे जिथे एकमेकांत शिरतात अशा जागी. जाड फांदीवर घरटे बांधले तर बिबट्या किंवा दुसरा शिकारी सहज पोहोचेल. बारीक फांदी त्याचे वजन पेलत नाही. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात आणि ते आलटून पालटून वापरते. माझ्या मुलीने तासाभरात सात घरटी मोजली. त्यांतली सगळी दोन झाडांच्या संगमावर होती. एकटे, मोकळे उभे असलेले झाड कितीही मोठे असले तरी त्यावर घरटे नव्हते, हे तिच्या लक्षात आले, माझ्या नाही.

हनुमान तळ्यापाशी दहा-बारा जणांचा एक गट भेटला. त्यांच्यातल्या एकाच्या पाठपिशवीला स्पीकर अडकवलेला होता आणि त्यावर मोठ्याने गाणी चालू होती. मुलगी त्यांच्याशी बोलायला गेली आणि तिने शांतपणे विनंती केली. त्यांनी आवाज कमी केला, आणि त्यांतल्या एका तरुणाने अगदी मनापासून विचारले की इथे आता प्राणी उरलेत तरी कुठे. मला त्या मुलांचा राग आला नाही. पण एवढे ठामपणे वाटले की अभयारण्य हा शब्द आपण वाचतो तेव्हा त्यातला ‘अभय’ कोणासाठी आहे हे पुन्हा पुन्हा आठवले पाहिजे. भेकर, पिसोरी, सांबर, बिबट्या या रानात आहेत. पिसोरी तर दिसायला हरणासारखी पण सशापेक्षा थोडीच मोठी, दिवसा झुडपात दबून राहणारी, आणि माणसाचा आवाज लांबून ऐकून निघून जाणारी. जो प्राणी आवाजामुळे निघून गेला, तो आपल्याला दिसला नाही म्हणून नव्हताच, असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणखी एक गोष्ट बाबांनी नागफणीच्या वाटेवर सांगितली, ती वणव्याची. मार्च ते मे या दिवसांत माथ्यावरचे गवत वाळून काडीसारखे होते. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे गवताचा पट्टा मुद्दाम जाळून किंवा कापून मोकळा करते, की आग आली तर तिला पुढे जायला काही मिळू नये. सदाहरित रानाच्या आतल्या ओलाव्यात आग सहसा शिरत नाही, पण ती कडेची झाडे दरवर्षी थोडी थोडी खाते, आणि कड मागे सरकत जाते. एका विडीच्या थोटकातून हे होते. बाबांचे वडील विडी ओढत, पण गवत वाळले की घरीच ठेवून येत, असे ते म्हणाले.

रात्री आम्ही बाबांच्या वस्तीवर राहिलो. नाचणीची भाकरी, वाटाण्याची आमटी आणि लसणाची चटणी जेवून अंगणात बसलो तेव्हा मुलीने मला दोन पावसाळ्यांपूर्वीची आठवण करून दिली. जुलैमध्ये, वनखात्याच्या परवानगीने, आम्ही याच रानात रात्री थोडे आत गेलो होतो. सोबतच्या वनरक्षकांनी सगळे दिवे विझवायला सांगितले. सुरुवातीला केवळ काळोख होता. मग डोळे स्थिरावल्यावर पायाशी पडलेल्या एका कुजक्या फांदीवरून फिकट हिरवट उजेड वर येऊ लागला, जणू कोणी चांदणे त्या लाकडात मुरवत ठेवले असावे. मृत लाकडावर वाढणारी बुरशी आपल्या पेशींतल्या रासायनिक क्रियेतून तो प्रकाश निर्माण करते. त्याला उष्णता नसते, आणि ओलावा संपला की तो मावळतो. त्या रात्री मी जे पाहिले त्याच्या सौंदर्याने मी भारावले होते. त्याचे कारण मात्र मला दुसऱ्या दिवशी आहुपे या गावी उमगले.

आहुप्याला जाण्यासाठी पुन्हा पोखरी घाटातून डिंभ्यापर्यंत खाली यावे लागते आणि मग धरणाच्या पाणलोटाच्या कडेने वर चढावे लागते. या वाटेवर माळीण लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा उतार गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. बाबांनी गाडीतूनच हात जोडले. त्यांचे दूरचे नातलग तिथे होते. पुढचे काही किलोमीटर आम्ही कोणीच बोललो नाही.

आहुप्याची देवराई गावाला लागून आहे, कोकणकड्यापासून फार लांब नाही. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडचा प्रदेश आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात; पाठीमागे वळले की देवराईची काळपट हिरवी भिंत. आत गारंबीचे वेल झाडांना असे विळखे घालून होते की बुंधा कोणता आणि वेल कोणता हे हात लावूनच कळत होते. त्यांच्या हातभर लांब शेंगा वरून लोंबत होत्या. इथला नियम साधा आहे: देवाच्या रानातली काडी मोडायची नाही. जिवंत झाड तर नाहीच, पण वाळून पडलेली फांदीही चुलीसाठी न्यायची नाही. ती पडेल तिथेच पडून राहील, कुजेल, मातीला मिळेल. देवाला लागणाऱ्या कामासाठी, तेही गावाने मिळून ठरवले तर, एखादे लाकूड काढतात, एरवी नाही.

पुण्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी, १९७० च्या दशकात महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातल्या देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला, आणि आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असतानाही हे तुकडे मूळच्या रानाचा ठेवा सांभाळून आहेत, हे अभ्यासकांच्या जगापुढे मांडले. मी त्यांच्या कामाविषयी पूर्वी वाचले होते. पण वाचताना माझे लक्ष उभ्या झाडांकडे गेले होते. आहुप्यात, पायाशी पडलेल्या, शेवाळलेल्या, बोटाने दाबली तर आत जाणाऱ्या त्या लाकडाकडे पाहताना मला जुलैतली ती रात्र आठवली. तो हिरवा उजेड पडलेल्या लाकडाचा होता. ते लाकूड कोणीतरी उचलून चुलीत घातले असते, तर काळोख केवळ काळोखच राहिला असता. ज्या रानात पडलेली फांदी पडूनच राहते, तिथेच तो उजेड वस्तीला येतो. आणि ती राहू द्यायची हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या घरात चूल लाकडावरच पेटत होती. त्यांनी सोडून दिलेली गोष्ट फुकाची नव्हती.

म्हणूनच अभयारण्य आणि इथली माणसे यांच्याविषयी बोलताना मला घाईने निवाडा करवत नाही. या डोंगरांत मुख्यतः महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा, ही त्यांच्या वर्षाची चौकट. हिरड्याची फळे आत कोय धरण्याआधीच, कोवळी असताना काढून उन्हात वाळवतात. त्याला बाळहिरडा म्हणतात. औषधांसाठी आणि चामडे कमावण्यासाठी त्याला मागणी असते, आणि आंबेगाव-जुन्नरच्या कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. म्हणून इथला माणूस हिरड्याचे झाड तोडत नाही. घरातल्या दुभत्या जनावरासारखे सांभाळतो. अभयारण्याचे नियम आले तेव्हा रानात काय करायचे आणि काय नाही, हे बाहेरून सांगितले जाऊ लागले. त्यातले बरेच आवश्यक होते, हे बाबांनाही मान्य आहे. “पर राखलं कोन्ही होतं ते आधी, ते तरी इचारायचं,” असे ते म्हणाले, आणि आवाजात तक्रारीपेक्षा दुखावलेपण जास्त होते. मला वाटते, रानाचे छप्पर सलग राहायचे असेल तर त्याखालची माणसेही तुटता कामा नयेत. ज्या देवाच्या भयाने आणि प्रेमाने ही झाडे उभी राहिली, तो देव कायद्याच्या कलमांत लिहिलेला नाही.

कारवीबद्दल त्यांनी जे सांगितले तेही मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. देवराईच्या कडेच्या उतारावर कारवीचे गच्च रान होते, पुरुषभर उंच, सरळ काठ्यांचे. कारवी ७-८ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, बी धरते आणि मरते. मेलेल्या काठ्या कुडाच्या भिंतींना कामी येतात; बाबांच्या जुन्या घराच्या भिंती त्याच काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या आहेत. त्यांचे वय ते कारवीच्या बहरांत मोजतात. “माझ्या लग्नाच्या साली फुलली व्हती, मंग थोरल्याच्या येळंला,” असे बोटांवर. सिमेंटची घरे आल्यापासून कारवी तोडायला फारसे कोणी येत नाही. कारवीचा मध मात्र अजून काढतात. तो दाट आणि काळपट असतो, आणि ज्याने एकदा चाखला तो पुढच्या बहराची वाट पाहतो.

बाबांना त्यांच्या वस्तीवर सोडायला आम्ही संध्याकाळी पुन्हा डिंभे, पोखरी, तळेघर या वाटेने वर आलो. पुण्याला पोहोचायला त्यामुळे मध्यरात्र होणार होती, पण मुलीनेच तसा हट्ट धरला. निगडाळे मागे पडले आणि ते वळण आले तेव्हा सूर्य मावळून गेला होता आणि आभाळात अजून उजेड होता. या वेळी गाडी थांबवायला बाबांनी सांगितले नाही, मुलीनेच थांबवली. ती खाली उतरली, इंजिन बंद करायला लावले, आणि आधी रस्त्याकडेचा पाचोळा पाहिला, मग मान वर केली.

“आई, जांभळीवर आहे,” ती हळूच म्हणाली.

जांभळीच्या मागच्या अंगाला, जिथे तिचा शेंडा आतल्या पिसाच्या झाडाला भिडला होता, तिथे एक घरटे होते. त्यात खोवलेली पाने अजून हिरवी होती. मी पलीकडच्या आंब्याकडे पाहिले. तिथेही एक गोळा दिसत होता, पण करडा, बाजूने उसवलेला, आणि त्यातून आभाळ आरपार दिसत होते.

“ते जुनं हाय,” बाबा मागून म्हणाले. “मी त्याच्यात बघितलेलं.”

कधी, ते मी विचारले नाही. खालून एक गाडी दिवे लावून चढत येत होती. आम्ही कडेला सरकलो, ती निघून जाईपर्यंत उभे राहिलो, आणि तिचा आवाज वळणापलीकडे विरल्यावर जांभळीत, अगदी वर, एक फांदी वाकली आणि सावरली.